घाबरट गाडी

अप्पामामाने बोट वाकवून बॉनेटवर दोनदा टकटक केलं, कान खाली नेला आणि मान हलवली.

“पातळ हाय.”

शोरूममधली प्रगती नावाची मुलगी हसली, पण बेतानेच. “काका, आवाजावर नसतं ते आता. स्टील वेगळं येतं.”

“आमी मडकं बी वाजवून घेतो, बाई.”

“मग मडक्यात बस आन जा लासुर्ण्याला,” आतून आई म्हणाली.

आई ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती. शोरूममध्ये शिरल्यावर ती गाडीभोवती फिरली नाही, डिकी उघडून बघितली नाही, किंमत विचारली नाही. दार उघडून सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसली आणि सीट पुढेमागे करायचं बटण शोधू लागली. अप्पामामा तिचा थोरला भाऊ. लासुर्ण्याला त्याचा ऊस. बहिणीची गाडी ठरवायची म्हणून तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता. माझा भाऊ बुद्धघोष, म्हणजे दादा, हाताची घडी घालून दारापाशी उभा होता. त्याने मित्राची गाडी दिवसभरासाठी मागून आणली होती. तीही बॅटरीवरचीच, पण दुसऱ्या कंपनीची. उंच, जाड दारांची. आम्ही तिच्यातूनच आलो होतो. ती बाहेर उन्हात उभी होती आणि दादाच्या मते विषय तिथेच संपला होता.

दादा बारामतीच्या एमआयडीसीत मोटारींचे पत्रे दाबणाऱ्या कारखान्यात आहे. पत्र्यावर त्याचा जीव.

“स्क्रीन काय, तीन वर्षांत जुनी होते,” तो म्हणाला. “बॉडी चांगली असली तर गाडी पंधरा वर्षं हलत नाही.”

आई आरसा नीट करत राहिली. पंधरा वर्षं असं आमच्या घरात तेव्हा कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. दादाच्याही ते उशिरा लक्षात आलं. तो बाहेर जाऊन पाणी पिऊन आला.

आईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिससाठी कळसहून बारामतीला जावं लागे, आणि तिला तिथे स्वतः गाडी चालवत जायचं होतं. तिची एवढीच मागणी होती. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती हट्टाने ड्रायव्हिंग शिकली होती, जुनी छोटी गाडी तिने चांगली चालवलीही होती. पण मशीनला जोडण्यासाठी डाव्या हाताची शीर शस्त्रक्रियेने तयार केली, आणि त्या हातावर जोर द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. जुन्या गाडीचा गिअर नेमका त्याच हाताचा. गाडी शेडमध्ये गेली. पुढे कधीतरी आईने कुठेतरी वाचलं की बॅटरीच्या गाडीला गिअरही नसतो आणि क्लचही नसतो. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता.

गावात ह्याचं हसू झालं. आजारी बाई, वर विधवा, तिला नवी गाडी. कुणी म्हणालं, चतुरा सिस्टरचं डोकं बिघडलं. आई हे ऐकून घ्यायची आणि त्याच माणसाला विचारायची, “तुमच्या वळखीत कुनी घेतलीय का? चार्जिंगचं कसं करत्यात?”

“चालवून बघू का?” तिने आता प्रगतीला विचारलं.

प्रगती पुढे तिच्याशेजारी बसली, मी आणि मामा मागे. दादा ती दुसरी गाडी घेऊन आमच्या मागून. इंदापूर रस्त्याला लागलो. उसाचा हंगाम भरात होता. दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर पुढे डुलत चालला होता, उसाचे शेंडे दोन्ही अंगांना रस्त्यापर्यंत लोंबत होते. आई त्याच्या मागे आली तशी गाडीने पीं पीं पीं असा गलका केला आणि आपली आपण थांबली. मामाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मागून येणारा मोटारसायकलवाला शिवी हासडून बाजूने निघून गेला.

“आयला! काय झालं?”

“पुढं अडथळा दिसला की ती स्वतःच ब्रेक मारते, काका.”

“अडथळा कुठाय? ऊस हाय त्यो!”

“गाडीला ऊस कळत नाही.”

“मग ह्या तालुक्यात कशाला इकता?”

प्रगती स्क्रीनवर काहीतरी शोधू लागली. आई मात्र हसत होती. तिचं हसणं आम्ही बरेच दिवस ऐकलं नव्हतं. “घाबरट हाय गं ही,” ती म्हणाली.

“सेटिंगमध्ये कमी करता येतं, मॅडम.”

“नको, ऱ्हाऊ दे. डेरिंगवाले लय बघितले म्या. त्यास्नी टाकं घालता घालता नोकरी सरली माझी.”

तिने गाडी पुन्हा पुढे काढली. ट्रॅक्टरवाल्याने हात दाखवल्यावर, आरसे बघून, सावकाश, त्याच्या पुढेही गेली. मी आरशात तिचे डोळे बघत होते. डायलिसिसच्या खुर्चीत ती ज्या डोळ्यांनी छताकडे बघत पडायची, ते हे नव्हते.

तेवढ्यात मामा ओरडला, “हितं घ्या! आत घ्या!”

रस्त्याच्या कडेला वजनकाटा होता. ऊस आधी ह्या काट्यावर तोलायचा आणि मगच कारखान्याकडे न्यायचा, ही मामाची जुनी रीत. कुणी लिहून दिलेल्या वजनावर तो विसंबत नसे.

“कागदावर काय बी छापत्यात,” तो म्हणाला. “काट्यावर घाला दोनी. कुनाच्या अंगात किती लोखंड हाय, आत्ता कळंल.”

“मामा, नको,” दादा खाली उतरून आला. “अहो, त्याचा काही उपयोग नाही.”

“का? भ्यालास?”

काट्यावरचा मल्हार खिडकीतून डोकावला. “अप्पा, आज ऊस सोडून ह्ये काय आनलं?”

“बहिनीला गाडी बघतोय. आदी ही घे, मग ती.”

मागे ट्रॅक्टरांची रांग होती. दोघातिघा ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली आणि ते तंबाखू मळत जवळ आले. आम्ही सगळे उतरलो. आई उतरेना.

“अगं, उतर की,” मामा म्हणाला. “वजन चुकंल.”

“माझं पाय सुजल्यात. मी दोनी गाड्यांत बसते, म्हंजे चूक सारखीच व्हईल.”

मल्हार म्हणाला, “बरूबर हाय सिस्टरचं.”

ड्रायव्हरांपैकी एकाने उंच गाडीवर चहाची पैज लावली. तिच्याविरुद्ध लावायला कुणी मिळेना. पहिली गाडी काट्यावरून उतरली. आई माझ्या खांद्याला धरून दुसरीत जाऊन बसली, ह्याही खेपेला स्टिअरिंगमागेच. दादाने ती काट्यावर नेऊन द्यायला हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

पातळ गाडी जवळजवळ दीडशे किलोने जास्त भरली.

मामाने आकड्यांची पाटी दोनदा वाचली. मग मल्हारकडे वळला. “काटा मारलास.”

“अप्पा, गाडी तुमी बघताय, बहीन तुमची. काटा मारून मला काय घावनार?”

“वजन बॅटरीचं आहे, मामा,” दादा म्हणाला. “हिच्यात बॅटरी मोठी बसवलीय. पत्र्याचा त्यात काही संबंध नाही.”

“मग आदी का बोलला न्हाईस?”

“उपयोग नाही म्हणालो ना? तुम्ही ऐकता का कुणाचं?”

“पर वजनदार ती वजनदारच,” पैज हरलेला ड्रायव्हर म्हणाला. कालवा सुरू झाला. जडपणा म्हणजे मजबुती का, ह्यावर प्रत्येकाला बोलायचं होतं. आईने काच खाली केली.

“अप्पा, मशीनला लावायच्या आदी दर खेपंला माझं वजन करत्यात. वाढलेलंच असतंय. म्हंजे मी घट्ट झाले का? पानी साठलेलं असतंय त्ये.”

मामाने टोपी काढून डोकं पुसलं. रांगेतल्या मागच्या कुणीतरी भोंगा वाजवला आणि आम्ही काट्यावरून उतरलो.

खरं भांडण संध्याकाळी घरी झालं. मामा मुक्कामाला थांबला होता. चहा झाला, कप तसेच पडून होते. दादा इतका वेळ धरून बसला होता.

“आई, एक माणूस ट्रॉलीखाली गेलाय आपला,” तो म्हणाला. “मला मार खाणारी गाडी पाहिजे.”

आमचे बाबा शाळामास्तर होते. अंधारात रस्त्यावर उभ्या करून ठेवलेल्या, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची मोटारसायकल गेली. दादा तेव्हा बारावीत होता. त्यांना आणायला तोच गेला होता. पुढे त्याने नोकरी पत्र्याच्या कामातच का धरली, हे त्याला कुणी विचारलं नाही.

“त्ये पत्रा पातळ व्हता म्हनून न्हाय गेले, बाळ. ट्रॉली दिसली न्हाय म्हनून गेले. मला दिसायला पायजे. माझी मान मागं वळत न्हाय. ह्या गाडीला चारी अंगानं कॅमेऱ्याचं डोळं हायती.”

“आणि दिसूनसुद्धा कुणी येऊन धडकलं तर?”

आईने पडून राहिलेले कप एकात एक घालून ठेवले.

“स्क्रीन बंद पडली तर?” दादाने पुढे रेटलं. “सॉफ्टवेअर अडकलं तर? भर रस्त्यात काय करशील?”

“माझं रक्त मशीनमधनं फिरून येतंय. मशीन अडकलं तर काय, ही भीती मला नको दावू.”

मामा म्हणाला, “बाई, त्यो तुझ्या काळजीपोटी बोलतोय.”

“मला काय कळंना व्हय?”

दादा उठून तिच्याजवळ खाली बसला. आवाज उतरला होता. “बरं. मग असं करू. ती दणकट गाडी घेऊ आणि ड्रायव्हर ठेवू. त्याचं मी बघतो. तू मागं निवांत बस. उशी घे, पाय वर घे, झोप लागली तर झोप. तुला काहीसुद्धा करायला नको.”

तो हे मनापासून बोलत होता. आईने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

“मागं बसून लय हिंडले,” ती म्हणाली.

आईची सगळी नोकरी उपकेंद्रांवर गेली. लोणी भापकर, मग लासुर्णे, शेवटी कळस. सुरुवातीच्या वर्षांत बाळंतपण अडलं की वस्तीवरून जीप यायची. निरोप घेऊन आलेला माणूस पुढे बसायचा आणि सिस्टर मागे, पेंडीच्या पोत्यांजवळ, पत्र्यावर. पुढे जागा असली तरी मागे. सिस्टर कोणत्या आळीतल्या आहेत हे जीपवाल्याला आधीच सांगितलेलं असायचं. बाळ तिच्या हातांवर जन्माला आलेलं चालायचं, बाळंतिणीच्या खाटेवर ती बसलेली चालायची, अडलेल्या घटकेला तिने दिलेलं पाणीही चालायचं. परत येताना पुन्हा मागे. काळ पुढे बदलला, जीपवाल्यांची मुलं तिला पुढचं दार उघडून द्यायला लागली. ह्याबद्दल आईने आम्हाला कधी भाषण दिलं नाही. एकदा फक्त म्हणाली होती, मागं बसलं की रस्ता उलटा दिसतो. सगळं आपल्यापासून लांब लांब जात असतं.

दादाला हे माहीत होतं. तो बराच वेळ तिच्या पायाशी बसून राहिला, तिच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबून खळगा किती वेळात भरतो ते बघत. खळगा भरायला वेळ लागत होता.

“पट्टा तरी लावशील ना?” त्याने शेवटी विचारलं.

“लावते की.”

“कळसच्या पुलावर हळू.”

“हळूच.”

“घ्या मंग ती डोळंवाली,” मामा म्हणाला. “पर पातळ हाय ती हाय. मी बोललो ते बोललो.”

गाडी आणायला गेलो त्या दिवशी शोरूमवाल्यांनी रिवाजाप्रमाणे ताट तयार ठेवलं होतं. नारळ, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. प्रगतीने ताट हातात घेतलं आणि ओवाळायचं कुणी म्हणून आधी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या मोकळ्या कपाळाकडे, आणि ती घुटमळली.

“त्ये ऱ्हाऊ दे, पोरी,” आई म्हणाली. “आमच्यात न्हाय करत. चावी दे माझ्याकडं.”

“ही घ्या, मॅडम. मग फोटो तरी काढू?”

“काढ. तू बी ये त्यात. त्या दिशी तूच घाबरली व्हतीस सगळ्यात जास्त.”

मामाने चाकांखालची लिंबं उचलून खिशात टाकली. “सरबताला व्हतील,” तो म्हणाला. आईने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोळे मिटले. त्रिशरण म्हणताना तिचे ओठ हलत होते. मग तिने पट्टा लावला, दादाला दिसेल असा ओढून दाखवला, आणि गाडी काढली. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो. शोरूमच्या दारातल्या माणसांना ती निघाल्याचं कळलं तेव्हा ती फाटकातून बाहेर पडली होती.

आमच्यात एक ठरलं होतं. जाताना आई चालवणार, येताना मी. मशीनवरून उठल्यावर तिला चक्कर यायची, हात कापायचे, तेव्हा ती हट्ट करत नसे. शेजारी बसून डोळे मिटून घ्यायची आणि तरीही मधूनच म्हणायची, “लय डावीकडं जातीस, अंजे.” मी इंदापूरच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. डायलिसिसच्या दिवशी मी रजा टाकत असे. माझी रजा संपत आली तेव्हा प्राचार्यांनी विचारलं, आईंसाठी एखादा ड्रायव्हर का ठेवत नाही? मी म्हणाले, ड्रायव्हर आहे.

पुढच्या हंगामाचा ऊस तुटायला लागायच्या आत आई गेली. शेवटचे काही आठवडे तिला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. त्याआधी तिने स्वतः चालवली ती शेवटची खेप पावसाळ्यातली. सकाळची वेळ, आभाळ भरून आलेलं, रस्ता ओला. ती रोजच्यापेक्षा सावकाश चालवत होती. मी विचारलं, मी घेऊ का? तिने नुसती मान हलवली. वाटेत एका म्हशीपाशी गाडीने ब्रेक मारला. आईने म्हशीला वाट दिली.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये नवा वॉचमन होता. हातातली काठी आडवी धरून तो पुढे आला.

“ओ मावशी, हितं थांबायचं न्हाय. पेशंट उतरवा आन गाडी फुडं घ्या.”

आईने काच खाली केली. त्याने वाकून मागच्या सीटवर बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

“पेशंट कुठंय?”

“मीच की.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्या हाताच्या फुगलेल्या शिरेकडे, मग परत माझ्याकडे. “मग ह्या ताईला चालवू द्या ना.”

“तिला येताना. पार्किंग कुठंय ते सांगा.”

“मावशी, तुमी हितंच उतरा. मी खुर्ची आनतो, ताई लावतील गाडी.”

“पार्किंग कुठंय?”

मागे एका गाडीने हॉर्न दिला. वॉचमनने काठीने दाखवलं. खांब आणि रुग्णवाहिका ह्यांच्यामध्ये एक जागा होती, अरुंद. आईने गाडी पुढे घेतली, थांबवली आणि मागे घ्यायला लागली. मान वळत नव्हतीच. ती पडद्यावर चारी बाजू बघत होती. वॉचमन धावत मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवू लागला. “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...” गाडी पीं पीं करत जागच्या जागी थांबली.

“तुमी बाजूला व्हा,” आईने खिडकीतून सांगितलं. “तुमाला बघून थांबती ती.”

तो बाजूला झाला. आईने एकदा मागे घेतली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. पोर्चमधले लोक बघत होते. मी दाराच्या कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. गाडी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये जाऊन उभी राहिली. आईने ती बंद केली आणि थोडा वेळ तशीच बसली. श्वास जमवत होती. मग दार उघडून एक पाय खाली ठेवला, मग दुसरा, आणि दाराला धरून उभी राहिली.

वॉचमनने तोवर चाकांची खुर्ची आणली होती. “बसा मावशी,” तो म्हणाला. आवाज आता वेगळा होता.

आईने खुर्चीकडे बघितलं. मागच्या सीटवरून पांघरुणाची आणि डब्याची पिशवी काढायला तिने मला सांगितलं. ती पिशवी तिने खुर्चीत ठेवली, नीट, पडणार नाही अशी. मग खुर्चीच्या दोन्ही मुठी धरल्या आणि ती ढकलत, पावसाने ओल्या झालेल्या फरशीवरून, पाऊल पाऊल, दाराकडे चालू लागली.